पुढच्या क्वार्टरला बघू

जगाला ‘अपडेट करा’ म्हणून सांगायचं आणि स्वतः मात्र ‘नंतर आठवण करा’वर बोट ठेवायचं, ही सोय असलेल्या मोजक्या धंद्यांत प्रोग्रामरचा नंबर बराच वर लागावा. रविवारी सकाळी मावशीचा फोन येतो. “अरे, मोबाइलवर काहीतरी अपडेट आलंय. करू का? माझे फोटो उडणार नाहीत ना?” “बिनधास्त कर, मावशी. सुरक्षेचं असतं ते. टाळू नये,” असं ठणकावून तो फोन ठेवतो आणि लॅपटॉप उघडतो. खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकोन उगवतो. नवी आवृत्ती तयार आहे. आता टाकू, रात्री टाकू, की नंतर? त्याचा हात ‘नंतर’कडे असा काही जातो, की नजरेलाही पत्ता लागत नाही.

याला कुणी आळस म्हणेल, पण तो गैरसमज आहे. अपडेटच्या पोटात काय काय असतं हे मावशीला ठाऊक नसतं. त्याला असतं, कारण तसलीच अपडेटं तो स्वतः लिहितो.

प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यायची की नाही, हा निर्णय एकट्यानं घेण्याची पद्धत नाही. त्यासाठी मीटिंग लागते. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही काचेच्या इमारतीत जा, ही मीटिंग सारखीच. टेबलाच्या एका टोकाला नुकताच लागलेला पोरगा. नव्या आवृत्तीत काय काय आहे ते त्यानं रात्री जागून वाचलेलं असतं आणि त्याचा चेहरा बोहल्यावर चढल्यासारखा फुललेला असतो. त्याच्या समोर पंधरा वर्षं मुरलेला सीनियर. अशाच एका अपग्रेडपायी त्यानं एक दिवाळी ऑफिसात काढलेली असते आणि चकलीचं नाव काढलं तरी त्याला सर्व्हर आठवतो. शेजारी टेस्टिंगवाली मॅडम. कोणी काहीही ठरवलं तरी सगळं पहिल्यापासून पुन्हा तपासायचं आहे ते आपल्यालाच, हे तिला पुरतं ठाऊक असतं. आणि मधोमध मॅनेजर.

“नव्यात नक्की मिळणार काय?” मॅनेजर विचारतो.

“सर, फास्ट आहे. शिवाय कोड इतका सुटसुटीत होतो...”

“क्लायंटला दिसेल का ते?”

“नाही सर. आतल्या आत.”

“आणि काही फुटलं तर?”

“ते मात्र दिसेल.”

इतका वेळ गप्प बसलेला सीनियर चष्मा पुसतो. “सध्याचं चालतंय ना?”

“चालतंय.”

“मग?”

या ‘मग?’पुढे आजवर भल्याभल्यांची डाळ शिजलेली नाही. मीटिंगच्या टिपणात ओळ पडते: पुढच्या क्वार्टरला बघू. कॅलेंडरातला क्वार्टर तीन महिन्यांचा असतो. या ओळीतल्या क्वार्टरला शेवटची तारीख नसते.

सीनियरचं हे तत्त्वज्ञान काही नोकरीत लागल्यावर जमत नाही. त्याची बैठक कॉलेजातच पक्की होते. बोर्लंड कंपनीचं टर्बो सी प्लस प्लस १९९० साली डॉसवर अवतरलं, तेव्हा ती खरोखर चीज होती. लिहिणं, कंपाइल करणं, चालवणं, चुका शोधणं, सगळं एका निळ्या पडद्यावर. सी प्लस प्लस या भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं ते १९९८ मध्ये, म्हणजे भाषेचं प्रमाण ठरायच्या आधीच टर्बो घराघरांत पोचलं होतं. पुढे २०११, २०१४, २०१७, २०२० अशी नवनवी प्रमाणं आली. २००९ मध्ये खुद्द बोर्लंड दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली. आपल्याकडच्या कितीतरी इंजिनिअरिंग आणि डिप्लोमा कॉलेजांच्या लॅबमध्ये निळा पडदा मात्र जागचा हलला नाही.

तिथला विधीही ठरलेला. सुरुवात ‘व्हॉइड मेन’नं, जे प्रमाणात कुठेही बसत नाही. शेवटी ‘गेटसीएच’, कारण ते विसरलं की उत्तर पडद्यावर येऊन डोळ्याचं पातं लवायच्या आत गडप.

“सर, आउटपुट आलं होतं, पण गेलं.”

“आल्ट-एफ-फाइव्ह दाब.”

“आलं सर!”

“आता लिहून घे आणि जागा रिकामी कर.”

चित्रं काढायचा प्रोग्रॅम असला की ‘सी’ ड्राइव्हमधल्या टीसी फोल्डरातल्या बीजीआयचा पत्ता द्यावा लागे. घरचा पिनकोड विसरलेले इंजिनिअर हा पत्ता आजही झोपेत सांगतात.

या टर्बोत साध्या पूर्णांकाला, म्हणजे ‘इंट’ला, दोन बाइटची जागा. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. आता प्रत्येक जर्नलात एक तरी प्रोग्रॅम फॅक्टोरियलचा असतोच. तो ७ पर्यंत इमानेइतबारे चालतो आणि ५,०४० हे बरोबर उत्तर देतो. आठ दिले, की खरं उत्तर ४०,३२०, पण पडद्यावर येतं उणे २५,२१६. आठ माणसांना एका रांगेत उणे पंचवीस हजार प्रकारे कसं बसवायचं, असा प्रश्न एखाद्याला पडायला हरकत नव्हती. पण जर्नलात आउटपुट असायचं ५ चं, १२०. सरांनी सही केलेली १२० वर. ओरलला आलेले एक्सटर्नलही पाचच टाकायला सांगायचे, कारण त्यांच्या जर्नलातही पाचच होते. कुणी आठ टाकले नाहीत आणि सगळे पास झाले.

मग ६४ बिटी विंडोज आलं आणि त्यानं १६ बिटी टर्बोला दारातूनच परत पाठवलं. आता तरी लॅबला नवा कंपायलर येणार, अशी आशा बाळगणारे नवे सर विभागप्रमुखांकडे गेले.

“मॅडम, जीसीसी फुकट मिळतो. अगदी आजचा आहे.”

“सिलॅबसमध्ये आहे का?”

“सिलॅबसमध्ये नुसतं ‘सी प्लस प्लस’ लिहिलंय.”

“मग टर्बोच की ते. आणि जर्नलं छापून आलीयेत, त्याचं काय करू?”

मार्ग निघाला तो डॉसबॉक्सचा. जुने डॉसवरचे गेम खेळता यावेत म्हणून तयार झालेलं हे सॉफ्टवेअर नव्या यंत्राच्या पोटात खोटा डॉस उभा करतं. त्यात टर्बो सुखानं नांदू लागलं. गंमत अशी, की या डॉसबॉक्सच्याही नव्या आवृत्त्या येतात. म्हणजे जुनं अजिबात न बदलता चालवण्यासाठी नवं काय टाकायचं, याचीही मीटिंग आली.

हीच पोरं पुढे तालुक्याच्या गावी एखाद्या पतसंस्थेत ‘जरा कॉम्प्युटर बघून जा’ म्हणून बोलावली जातात आणि तिथे त्यांची गाठ फॉक्सप्रोशी पडते. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली, व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची, नववी आवृत्ती २००४ मध्ये काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचाही सपोर्ट थांबवला. अकाउंटंट काकांना यातलं काही कळवलेलं नसतं.

“काका, ही भाषा कंपनीनं बंद केली.”

“आमचा हिशेब चालू आहे.”

“पण उद्या काही अडलं तर?”

“ज्यानं लिहून दिलं त्याला फोन करतो. हल्ली मुलाकडे ऑस्ट्रेलियात असतो तो. पण उचलतो.”

काकांना हसण्याचं कारण नाही. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ चं. त्यात प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं २००८ मध्ये संपवला. पण त्यात लिहिलेले प्रोग्रॅम चालवण्यासाठी लागणारा गाभा मायक्रोसॉफ्ट आजही विंडोज ११ सोबत निमूटपणे देते. जगात इतके काका आहेत, की त्यांना दुखवून नवं विंडोज विकणं कुणालाच परवडणारं नाही.

अवघ्या जगानं मिळून एखादी गोष्ट पुढच्या क्वार्टरवर कशी ढकलावी, याचा आदर्श पाठ मात्र पायथननं घालून दिला. पायथन ३ आलं ३ डिसेंबर २००८ रोजी. भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांना त्यांच्याच मंडळींनी प्रेमानं ‘तहहयात कृपाळू हुकूमशहा’ ही पदवी दिलेली. या हुकूमशहांनी ठरवलं, की भाषेतल्या जुन्या चुका एकदाच्या निस्तरायच्या, मग जुने प्रोग्रॅम मोडले तरी चालतील. ‘प्रिंट’ या शब्दापुढे आजवर मजकूर नुसता ठेवून भागत होतं, आता त्याला कंस घालणं सक्तीचं झालं. प्रजेनं हुकूम ऐकला, मान डोलावली आणि पायथन २ मध्ये लिहिणं चालू ठेवलं.

बरं, हुकूमशाहीही अशी, की २०१० मध्ये सरकारनंच जुन्या वाटेवर २.७ ही छान, ऐसपैस आवृत्ती काढून दिली. मग हलतंय कोण? प्रोग्रॅम लिहिणारे म्हणत, आम्ही वापरतो त्या लायब्ऱ्या ३ वर आल्या की आम्ही येऊ. लायब्ऱ्यांवाले म्हणत, लोक ३ वर गेले की आम्ही जाऊ. २.७ ची निवृत्ती २०१५ ला ठरली होती. २०१४ मध्ये तिला मुदतवाढ मिळाली, थेट २०२० पर्यंत. तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, हुकूमशहा आपल्यातलाच आहे.

निदान २.८ तरी काढा, अशी आशा काहींना होतीच. पायथनच्या सुधारणांचे प्रस्ताव क्रमांकानं नोंदवले जातात. २.८ येणार नाही, हे जाहीर करणाऱ्या प्रस्तावाला क्रमांक मिळाला ४०४, म्हणजे वेबवर पान सापडलं नाही की दिसतो तोच आकडा. त्यात २.८ च्या न येण्याचं रीतसर वेळापत्रक आहे. एवढं सगळं झाल्यावर १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा कारभार आटोपला आणि एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे आटोपल्यानंतर, त्याची शेवटची आवृत्ती आली.

कंसांची कुरकुर सोडली, तर बदल फुकट नव्हते. पायथन २ मध्ये ५ ला २ नं भागलं तर २ येत. पायथन ३ मध्ये अडीच येतात. हॉटेलचं बिल दोघांत वाटणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधले ते पन्नास पैसे इतकी वर्षं कुणाच्या खिशात जात होते, याची चौकशी व्हायला हवी. मराठी माणसाचा तर थेट फायदा. ‘मराठी’ हा शब्द नेहमीच्या पद्धतीनं साठवून पायथन २ ला लांबी विचारली, तर ते बाइट मोजून १५ सांगे. पायथन ३ अक्षरं आणि काना-वेलांट्या सुट्या मोजून ५ सांगतं. पहिलीतली पोरगी सांगते, तीन. पंधरावरून पाचावर यायला जगाला बारा वर्षं लागली, तेव्हा तिनावर यायला पायथन ४ ची वाट बघण्यावाचून इलाज दिसत नाही.

ज्यांनी खरोखर मनावर घेतलं त्यांचं झालंही. इन्स्टाग्रामनं दुकान एक दिवसही बंद न ठेवता साधारण दहा महिन्यांत पायथन ३ गाठलं आणि २०१७ च्या पायथन परिषदेत ते सगळ्यांना सांगितलं. उलट ड्रॉपबॉक्सला त्यांच्या डेस्कटॉपच्या प्रोग्रॅमसाठी काही वर्षं खपावं लागलं. तेव्हा तिथे नोकरीला कोण होतं? खुद्द गिडो व्हान रॉसम. हुकूमशहा पगारावर असूनही ही गत, मग आपल्या मॅनेजरला काय बोलायचं? प्रस्तुत लेखकाच्या यंत्रावर पायथनच्या इतक्या आवृत्त्या एकत्र कुटुंबात नांदतात, की ‘पायथन’ म्हणून हाक मारल्यावर ओ कोण देणार हे त्या दिवशीच्या ग्रहमानावर असतं.

एवढा गोंधळ होऊनही निदान पायथनवाल्यांना दोनानंतर तीन येतात हे मान्य होतं. सगळीकडे असं नाही. पीएचपी या भाषेचं पाचनंतर सहा यायचं होतं. ते येणार येणार म्हणून ‘पीएचपी ६’ नावाची पुस्तकंही बाजारात आली, लोकांनी विकत घेतली, पण २०१० मध्ये सहाचा बेतच गुंडाळला गेला. पुढची आवृत्ती २०१५ मध्ये आली ती सात म्हणून. ज्यांनी पुस्तक घेतलं ते एका न झालेल्या आवृत्तीचे जाणकार ठरले. अँग्युलर हे वेबचं साधन २०१६ ला दोनवर होतं, २०१७ ला चारवर. मधलं तीन कुठे गेलं? तर त्याचा एक भाग आधीच तीनवर जाऊन बसला होता, म्हणून बाकीच्यांनी त्याला गाठण्यासाठी एक पायरी गाळली. आणि जावा? आठवी आवृत्ती टाकून तिलाच विचारा.

“कुठलं जावा आहे?”

“आठ.”

“इथे तर १.८ लिहून येतंय.”

“तेच ते.”

“मग आठ का म्हणतोस?”

“२००४ पासून तसंच म्हणतात.”

सगळ्यांवर कडी केली ती पर्लनं. २००० साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे पर्लवाल्यांची बैठक भरली होती. भाषा साचत चाललीय, काहीतरी हलवलं पाहिजे, हे पटवून देण्यासाठी जॉन ऑरवँट यांनी कॉफीचे मग एकामागून एक भिंतीवर फेकले. मुद्दा पटला. पर्ल ६ ची घोषणा झाली. ते हातात पडलं २०१५ च्या नाताळात. तोवर ते जुन्या पर्लपेक्षा इतकं वेगळं झालं होतं, की २०१९ मध्ये त्याचं नावच बदलून ‘राकू’ ठेवलं. पर्ल ५ वापरणारे त्या सबंध काळात पर्ल ५ वापरत होते आणि अजून वापरतात. फुटले ते फक्त मग.

इतकं सगळं माहीत असूनही एक दिवस अपग्रेड होतं. ते नव्या आवृत्तीच्या गुणांवर भाळून होत नाही. कुणीतरी ऑडिटवाला येतो आणि विचारतो, “ही आवृत्ती सपोर्टमध्ये आहे का?” त्याबरोबर जी मीटिंग वर्षानुवर्षं आटोपत नव्हती ती पाच मिनिटांत आटोपते. शुक्रवारी संध्याकाळी काही बदलायचं नाही, हा या धंद्यातला एकमेव नियम सगळे पाळतात. म्हणून शनिवारची रात्र ठरते. पिझ्झा येतो.

नवी आवृत्ती टाकली जाते. पडदाभर लाल अक्षरं. एक लायब्ररी म्हणते, मी हिला ओळखत नाही. बरं, लायब्ररी नवी घ्या. नव्या लायब्ररीला डेटाबेसशी बोलणारा नवा ड्रायव्हर हवा. नव्या ड्रायव्हरला नवा डेटाबेस हवा. नव्या डेटाबेसला नवं लिनक्स हवं. नवा सोफा आणला की पडदे मळके दिसतात, पडदे बदलले की भिंती, आणि भिंती रंगवल्या की सोफ्याचा रंग चुकलेला असतो, त्यातली ही गत. शेवटी रात्री दीड वाजता सिस्टिम अ‍ॅडमिनला झोपेतून उठवलं जातं.

“नवं लिनक्स पाहिजे.”

“आत्ता?”

“आत्ता.”

“पुढच्या क्वार्टरला बघू,” म्हणून तो कूस बदलतो.

ही साखळी किती लांब असते आणि तिची कडी किती नाजूक असते, हे मार्च २०१६ मध्ये सगळ्या जगाला कळलं. ‘लेफ्ट-पॅड’ नावाची एक लायब्ररी तिच्या कर्त्यानं वादावादीनंतर सार्वजनिक साठ्यातून काढून घेतली. ती करत काय होती? मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरत होती. अकरा ओळी. त्या अकरा ओळींवर दुसरं काहीतरी उभं होतं, त्यावर तिसरं, आणि त्यावर जगातल्या हजारो कंपन्यांचं पोटपाणी. त्या दिवशी डावीकडच्या रिकाम्या जागेची किंमत सगळ्यांना कळली.

इकडे पहाटेचे तीन वाजतात. जे मोडलं ते का मोडलं, याचा शोध लागतो. नव्या आवृत्तीबरोबरच्या टिपणात ‘किरकोळ सुधारणा’ या मथळ्याखाली ते सोळाव्या ओळीत लिहिलेलं असतं. इतकंच काय, हे पुढे काढून टाकणार आहोत, अशी पिवळी सूचना जुनी आवृत्ती कित्येक वर्षं रोज दाखवत होती. पिवळी म्हणजे काळजीचं कारण नाही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं. “जुनं परत टाका,” सीनियर म्हणतो. जुनं परत येत नाही, कारण मधल्या काळात डेटाबेसनं नवी चाल पकडलेली असते. रविवारी दुपारी कसंबसं सगळं उभं राहतं. सोमवारी क्लायंटचा फोन येतो. अख्ख्या टीमच्या पोटात गोळा.

“काही नाही, ते सबमिटचं बटण थोडं मोठं झालंय का हो?”

मग या ‘नंतर’वाल्यांचं नेहमी बरोबरच असतं का? दैव कधीकधी त्यांच्या बाजूनं असं काही उभं राहतं, की उत्साही मंडळींचा जीव जळावा. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’चा बोभाटा झाला. इंटरनेटवरची गुपितं जपणाऱ्या ओपनएसएसएलला भोक होतं, पण ते १.०.१ या नव्या मालिकेत. जे ०.९.८ वर धूळ खात बसले होते त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तोच प्रयोग ‘लॉगफोरजे’चा. जावाच्या प्रोग्रॅमांच्या नोंदी ठेवणाऱ्या या लायब्ररीतलं ते भयंकर छिद्र होतं दुसऱ्या पिढीत. पहिल्या पिढीचा सपोर्ट २०१५ मध्येच संपलेला. तरी ती न बदलणारे त्या हल्ल्यातून सुटले. वर्षानुवर्षं मीटिंगमध्ये बोलणी खाल्लेला सीनियर एका रात्रीत द्रष्टा ठरला. “मी म्हटलंच होतं,” तो म्हणाला. त्यानं फक्त ‘मग?’ म्हटलं होतं, पण ते आता आठवणार कोण?

ज्यांनी दुसरी पिढी घेतली होती त्यांचा तो डिसेंबर विचारू नये. २.१५ टाका, धोका टळला. टाकलं. थांबा, २.१६ टाका. टाकलं. आता २.१७. आणि नाताळ उरकून खुर्चीत टेकतात न टेकतात तोच २.१७.१. एका महिन्यात इतकी अपग्रेडं त्या टीमनं मागच्या काही वर्षांत मिळून केली नसतील.

पण द्रष्टेपणाचा हा अंगरखा फार दिवस मिरवता येत नाही. मार्च २०१७ मध्ये ‘अपाचे स्ट्रट्स’ या जावाच्या साधनातल्या एका छिद्राचं ठिगळ जाहीर झालं. इक्विफॅक्स या अमेरिकेतल्या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीत ते एका ठिकाणी लावायचं राहून गेलं. मे महिन्यात चोर त्याच वाटेनं आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती उघड्यावर आली. ठिगळ फुकट होतं. तिथल्या टिपणात कुठल्या क्वार्टरची नोंद होती, ते बाहेर आलं नाही.

म्हणून मध्यममार्गी लोक दोन्हींचा मान राखतात. जावा २०१७ पासून दर मार्च आणि सप्टेंबरला नवं येतं. २०१४ सालच्या आठवर बसलेली मंडळी दर सहा महिन्यांनी मान वर करून बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. त्यांच्या सोयीसाठी ओरॅकलनं आठचा पैसे मोजून मिळणारा सपोर्ट २०३० च्या डिसेंबरपर्यंत ठेवला आहे. तोवर बरेच सीनियर निवृत्त होतील आणि हा प्रश्न चष्म्यासकट त्या बोहल्यावरच्या पोराकडे जाईल.

या सगळ्या कटकटीतून कायमचा सुटलेला एकच माणूस सापडतो. अमेरिकेतले गणिती आणि संगणकतज्ज्ञ डोनाल्ड कनूथ. स्वतःच्या पुस्तकाची छपाई मनासारखी दिसेना, म्हणून त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीला ‘टेक’ हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. १९९० च्या सुमारास तिसरी आवृत्ती झाली आणि त्यांनी जाहीर केलं, आता यात नवं काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. प्रत्येक दुरुस्तीला आवृत्तीच्या आकड्यात पायचा पुढचा एक अंक वाढतो. ३.१, ३.१४, ३.१४१ असं करत २०२१ मध्ये ते ३.१४१५९२६५३ वर पोचले. पुढची झाडलोट २०२९ मध्ये. चूक दाखवून देणाऱ्याला ३२७.६८ डॉलरचं बक्षीस. म्हणजे ३२,७६८ सेंट, टर्बोच्या ‘इंट’मध्ये मावत नाहीत, एकानं जास्त होतात. आपल्या पश्चात काय करायचं तेही त्यांनी लिहून ठेवलंय. आवृत्तीचा क्रमांक थेट पाय करायचा आणि उरलेल्या साऱ्या चुका ही वैशिष्ट्यं समजायची.

इथे तरी अपग्रेडचा प्रश्न उरायला नको होता. पण टेकच्या भोवती लागणारं बाकी सामानसुमान बांधून ‘टेक लाइव्ह’ नावाचा गठ्ठा दरवर्षी नवा येतो. त्यामुळे पुण्याच्या आयुकात किंवा मुंबईच्या टीआयएफआरमध्ये पीएचडीचा प्रबंध टेकमध्ये लिहिणाऱ्या दोघांची कँटीनमध्ये गाठ पडली, की संवाद व्हायचा तो होतोच.

“यंदाचं टाकलंस?”

“वेडा आहेस का! प्रबंध चालू आहे. गाइडनी सांगितलंय, सबमिशन होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही.”

“आणि सबमिशन कधी?”

“ते गाइडना विचार. त्यांचं स्वतःचं पुस्तक तीन वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यावर अडकलंय.”